फायनलच्या आदल्या दिवशीचे बूट

त्याला गल्लीत सगळे राखीव म्हणत. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण तीही आयुष्यभर 'अहो' म्हणून मोकळी व्हायची, त्यामुळे ते नाव कागदावरच राहिलं. धंदा बूट-चपला दुरुस्तीचा. दुकान म्हणजे दोन घरांच्या मधली फट. आत तो बसला की गिऱ्हाइकाला बाहेरच उभं राहावं लागायचं. पण सुट्टीच्या दिवशी हाच माणूस काळा शर्ट, काळी चड्डी घालून फुटबॉलच्या मैदानात उतरला की बावीस दांडगट गडी त्याच्या शिट्टीला थांबायचे.

बायको म्हणायची, "घरात मांजर ऐकत नाही यांचं, आणि तिथे बावीस जण ऐकतात. एखादी शिट्टी घरीही ठेवा की."

राखीव हे नाव पडलं ते चषकाच्या फायनलमुळे. हा चषक सगळ्यांत मोठा. वर्षभर लोक सोयऱ्यांशी बोलत नाहीत एवढं त्याबद्दल बोलतात. त्याच्या फायनलसाठी पंच निवडायचे पंच संघटनेने, आणि या संघटनेचे रिवाज जगावेगळे. पहिला असा की फायनलची शिट्टी एका माणसाला आयुष्यात एकदाच. कितीही चांगला पंच असो, दुसऱ्यांदा नाही. संघटनेतला एक म्हातारा शिंपी म्हणायचा, हे लग्नासारखं आहे, एकदाच. त्याचं स्वतःचं दुसरं लग्न झालेलं होतं, पण म्हणायचा.

दुसरा रिवाज आदल्या संध्याकाळचा. सहा वाजता संघटनेच्या खोलीत जुने फायनलवाले जमायचे. ज्यांची फायनल होऊन गेली ते सगळे, काठी टेकत येणारेसुद्धा. संघटनेतले बाकीचे पंचही मागे बसायचे. चहा व्हायचा, आणि मग एकेक जण उठून आपल्या फायनलमध्ये आपल्या हातून झालेली एक चूक सांगायचा. कौतुकाचं काही बोलायचं नाही, चूक तेवढी सांगायची. नव्या पंचाने गप्प बसून ऐकायचं. मग अध्यक्ष नव्याचं नाव मोठ्याने वाचायचे आणि ते भिंतीवरच्या पाटीवर रंगवलं जायचं. एकदा नाव वाचलं की तुमची पाळी लागली. मग रात्रीतून ताप येवो, पाय मोडो, पुन्हा मिळायची नाही. वाचायच्या आधी परत केली, तर मात्र ती तुमच्या नावाने शिल्लक राहायची.

तिसरा रिवाज राखीव पंचाचा. मुख्य पंचाला काही झालं तर मैदानात उतरायला एक राखीव पंच ठेवायचा, आणि फायनलच्या आदल्या दिवशी त्याने मुख्य पंचाचे बूट आपल्या हाताने पॉलिश करायचे. मनात जळफळाट असेल तर तो पॉलिशबरोबर घासला जावा, असं जुन्या लोकांनी ठरवलं असावं. बाकीचे राखीव पंच बिचारे पॉलिश बुटाला कमी आणि स्वतःच्या शर्टाला जास्त लावायचे. याचा तर धंदाच तो. तीन वेळा हा राखीव झाला, तीन वेळा त्याने बूट असे चमकवून दिले की मैदानातल्या चिखलालाही लाज वाटावी. आणि तिन्ही वेळा तो रेषेबाहेरच्या खुर्चीवर नव्वद मिनिटं हात मांडीवर ठेवून बसला. कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

यंदा चौथी वेळ. आणि शेवटची, कारण पन्नाशी भरली की शिट्टी खाली ठेवायची असा नियम, आणि त्याला पन्नास पूर्ण व्हायला चारच महिने उरले होते.

मुख्य पंच म्हणून निवड झाली सिस्टरची. ती दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. बारा वर्षांपूर्वी तिला शिट्टी कशी धरायची तेही यानेच शिकवलं होतं. पहिल्याच सामन्यात ती इतक्या जोरात वाजवत सुटली होती की शेजारच्या रस्त्यावरच्या दोन रिक्षा थांबल्या. आता तिच्याइतकी धावणारी आणि तिच्याइतकी नजर असणारी संघटनेत दुसरी नव्हती. निवड झाली तेव्हा तो सगळ्यांना म्हणाला, "बरोबर निवडलं." मनापासून म्हणाला. घरी येऊन मात्र दोन दिवस कोणाशी फारसा बोलला नाही. बायकोनेही छेडलं नाही. तो राखीव असला की त्याच्या काळ्या शर्टाला ती फायनलच्या आठवड्यात इस्त्री करून ठेवायची, तशी यंदाही करून ठेवली.

आदल्या दिवशी सकाळी सिस्टर बूट घेऊन दुकानात आली. कापडी पिशवीतून बूट काढून फळीवर ठेवले आणि म्हणाली, "काका, फार चमकवू नका. खेळाडू माझ्याकडे बघायचे सोडून बुटात भांग पाडत बसतील."

"तुझे बूट बघायला वेळ कुठे असतो कोणाला," तो म्हणाला, "तू थांबतेस कधी?"

ती हसली आणि ड्यूटीला जायला निघाली. दुकानाबाहेर एक पायरी आहे, वीतभर उंचीची. ती उतरताना तिने आधी उजवा पाय खाली टाकला आणि भिंतीला हात लावला. बूट दुरुस्त करणाऱ्याची नजर माणसाच्या तोंडाकडे नंतर जाते. त्याने ते पाहिलं, आणि बूट हातात घेतले ते उलटे करून.

उजव्या बुटाची बाहेरची कड झिजली होती. डावा बूट जवळजवळ नव्यासारखा. माणूस सरळ पायाने धावला तर असं होत नाही. त्याने उजव्या बुटात हात घातला, मग डाव्यात, मग पुन्हा उजव्यात. टाचेखाली त्यानेच बसवलेल्या चामड्याच्या गाद्या होत्या. सहा आठवड्यांपूर्वी सिस्टर म्हणाली होती की कडक मैदानावर टाचा दुखतात, आत काहीतरी मऊ घाला. चामडं कापायच्या रापीने सोल्युशन सोडवून त्याने दोन्ही गाद्या बाहेर काढल्या आणि फळीवर शेजारी ठेवल्या. उजवी चपटी होऊन कागदासारखी झाली होती. डावी होती तशीच्या तशी.

या धंद्यातला पहिला धडा, जो त्याला त्याच्या वडिलांनी आठ वर्षांचा असताना कानाला धरून शिकवला होता, तो हा की जोडी एकाच चामड्यातून कापायची. दोन चामडी दोन तऱ्हेने दबतात. आणि त्याला ती दुपार लख्ख आठवली. चार वाजता शाळांचा सामना होता, पोचायला उशीर होत होता, मऊ चामडं एकाच गादीपुरतं निघालं. दुसरी त्याने जुन्या दप्तराच्या चामड्यातून कापली. आतली गोष्ट, कोण बघतंय, असं म्हणाला होता स्वतःशीच.

म्हणजे सहा आठवडे ती पोरगी एक टाच उंच आणि एक टाच खाली ठेवून धावत होती. उजवी पोटरी ओढली जाणार नाही तर काय होईल.

बारा वाजता बायको डबा घेऊन आली. तो बुटांसमोर नुसता बसला होता. तिने आधी डबा फळीवर ठेवला, मग त्या दोन गाद्या उचलून बघितल्या. तीस वर्षं बूटवाल्याशी संसार केलेली बाई, तिला सांगावं लागलं नाही.

"तिचे?" तिने विचारलं.

"तिचे."

"दुखतंय का तिला?"

"पायरी उतरताना भिंत धरली."

बायको बाहेरच्या लाकडी खोक्यावर बसली. गाद्या परत फळीवर ठेवत म्हणाली, "म्हणजे उद्या ती मधेच थांबली तर तुम्ही आत."

हा विचार त्याच्या डोक्यात आला नव्हता असं नाही. आला होता, आणि तिच्या तोंडून ऐकल्यावर तो जास्तच वाईट दिसला.

"मी आपलं बोलले," ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय. आणि कोणाला कळणारही नाही. दोन्ही एकसारख्या गाद्या घाला, पॉलिश करा, द्या पाठवून."

तेही त्याने मनात करून पाहिलं होतं. हातात रापी होती, कपाटात चांगलं चामडं होतं, पाव तासाचं काम. पण त्याला माहीत होतं की सहा आठवडे वाकडी सवय लागलेला पाय एका दिवसात सरळ केला तर तो जास्त दुखतो. अशी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती. टाच हळूहळू उतरवायची असते, आठवड्याला एक पातळ थर. आज गुपचूप बदलल्या तर उद्या पहिल्या पंधरा मिनिटांतच पोटरी धरणार, आणि तोवर तिचं नाव वाचून झालेलं असणार. तिची आयुष्यातली एकच पाळी पंधरा मिनिटांत संपणार, आणि उरलेली पंचाहत्तर मिनिटं हा शिट्टी वाजवणार.

"सांगायला पाहिजे," तो म्हणाला.

"सांगा. पण लोक काय म्हणतील ते ठाऊक आहे ना? तीन वेळा खुर्चीवर बसून कंटाळला आणि पोरीचा पाय मोडला, असंच म्हणतील."

"म्हणतील."

"मग आधी जेवा," ती म्हणाली. "उपाशी पोटी शिव्या पचत नाहीत."

दुपारी तीन वाजता तो वॉर्डात गेला. सिस्टर एका पोराला गोळी घ्यायला लावत होती. पोरगं तोंड घट्ट मिटून बसलेलं, आणि ती म्हणत होती, "बघ, मी पण घेतली सकाळी, मला काही झालं का?" त्याला पाहून ती बाहेर व्हरांड्यात आली. चालताना आता ती लपवत होती, पण बघणाऱ्याला माहीत असलं की लपत नाही.

त्याने खिशातून दोन गाद्या काढून तिच्या हातावर ठेवल्या आणि कसं झालं ते सांगितलं. शाळांचा सामना, उशीर, दप्तराचं चामडं. काही गाळलं नाही.

तिने त्या गाद्या बोटांनी दाबून बघितल्या. "सहा आठवडे," ती म्हणाली. "सहा आठवडे मला वाटतंय की वय झालं आपलं. गोळ्या खातेय. फवारा मारतेय. बर्फ लावून बसतेय. आणि हे?"

"हे."

"तुम्हाला आज कळलं?"

"बूट आज हातात आले."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"बायकोला."

"म्हणजे पेपरात द्यायची गरज नाही," ती म्हणाली, पण हसली नाही. खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मग म्हणाली, "काका, मी पळणार उद्या. एक गोळी जास्त घेईन. बारा वर्षं वाट बघितलीय."

त्याच्या ओठांवर आलं होतं की मी किती वर्षं बघितलीय, पण त्याने ते गिळलं. "पाय तुझा आहे," तो म्हणाला. "तू ठरव. मी दोन गोष्टी सांगायला आलो. एक, नाव वाचायच्या आधी परत केलीस तर पाळी तुझी तुझ्याकडे राहते. वाचल्यावर नाही. दुसरी, तू पळ नाहीतर नको पळू, मी उद्या राखीव नाही. अध्यक्षांना सांगतो, दुसरा कोणी ठेवा. माझ्या चुकीवर चालून मी मैदानात जायचा नाही."

आता ती वळली. "तुमच्यानंतर पोस्टवाल्याचा नंबर आहे."

"आहे."

"तो प्रेक्षक ओरडतील तिकडे शिट्टी वाजवतो."

"चांगला माणूस आहे," तो म्हणाला. "कान जरा जास्त चांगले आहेत."

तिने गाद्या त्याच्या हातात परत दिल्या आणि आत निघून गेली. ती रागावली होती यात शंका नव्हती, आणि तो राग तिचा हक्काचा होता.

सहाच्या आधी संघटनेची खोली भरली. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, भिंतीवर नावांची पाटी. वरची नावं इतकी जुनी की रंग उडून ओळखूही येत नव्हती. कोपऱ्यात चहाचं भांडं. अध्यक्ष छापखानेवाले, सत्तरीचे, अंगाला कायम शाईचा वास. राखीव त्यांना गाठायला बघत होता, पण म्हातारे आल्या आल्या त्यांना घेरून बसले. तेवढ्यात सहाचा ठोका पडला आणि चुका सांगायला सुरुवात झाली.

शिंपी म्हणाला, त्याने त्याच्या फायनलमध्ये दोन मिनिटं आधीच शेवटची शिट्टी वाजवली, कारण त्याला लघवीला लागली होती. हे तो दरवर्षी सांगायचा आणि दरवर्षी सगळे हसायचे. गणिताचे एक मास्तर म्हणाले की त्यांना गोल दिसला होता, पण ज्याने मारला तो त्यांच्याच वर्गात नापास झालेला, म्हणून त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. आणखी दोघं बोलले. मग अध्यक्षांनी चष्मा लावला आणि कागद उचलला.

"थांबा," राखीव म्हणाला. "मला एक चूक सांगायची आहे."

सगळी खोली त्याच्याकडे बघायला लागली. अध्यक्ष मायेने म्हणाले, "अरे, बस. चूक सांगायचा मान फायनल केलेल्यांचा. तुझी कुठे झालीय अजून?"

"फायनल झाली नाही, चूक झालीय," तो म्हणाला, आणि दोन्ही गाद्या टेबलावर ठेवल्या.

त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वॉर्डात सांगितलं तसंच, कमी नाही, जास्त नाही. शेवटी म्हणाला, "तिच्या पायाचं ती सांगेल. माझं एवढंच, की उद्या राखीव म्हणून माझं नाव नको."

टेबलाच्या टोकाकडून कोणीतरी हळूच म्हणालं, "चौथ्यांदा खुर्ची टोचायला लागली वाटतं." दोघं-तिघं खाली बघून हसले. त्याला हे येणार असं बायकोने आधीच सांगितलं होतं, तरी लागलं ते लागलंच. शिंपी मात्र त्या दोन गाद्या हातात घेऊन उलटसुलट करत होता. कापणं ही त्याच्याही हातची विद्या. "मुद्दाम करणारा माणूस असं नाही कापत," तो म्हणाला. "घाईत कापलंय हे. कड बघा, तिरकी गेलीय."

तेव्हा सिस्टर उठली. उठताना टेबलाचा आधार घेतला, आणि या वेळी लपवला नाही.

"दहा दिवसांपूर्वी धावण्याची चाचणी झाली," ती म्हणाली, "तेव्हा मी दोन गोळ्या खाऊन धावले. पाय तेव्हाही दुखत होता. ती चूक माझी, काकांची नव्हे. मी रोज मुलांना सांगते की दुखतंय ते लपवू नका. नाव वाचू नका साहेब. पाळी मी परत करते."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग नियमाने राखीव पंचाकडे जाते," ते म्हणाले.

"मी राखीव नाही," तो म्हणाला. "आत्ताच सांगितलं."

"याने शिट्टी घ्यायला बाईंची हरकत आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

सिस्टर राखीवकडे बघत राहिली. बारा वर्षांत तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "माझी हरकत नाही," ती म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता, पण खोटही नव्हती.

त्या क्षणी त्याला फक्त मान हलवायची होती. इस्त्री केलेला शर्ट घरी होता. पाटीवर नाव लागलं असतं. अध्यक्ष थांबले होते, आणि सगळ्यांना वाटत होतं की आता हा हो म्हणेल. त्याला स्वतःलाही क्षणभर तसंच वाटलं. पण त्याला दिसलं ते असं की उद्या दुसऱ्या अर्ध्यात तो कोणाला तरी पेनल्टी देणार, आणि अर्धं मैदान त्याच्या शिट्टीऐवजी त्या दप्तराच्या चामड्याबद्दल बोलणार. खेळाडू त्याच्याकडे बघणार आणि त्यांना तेच दिसणार. पंचाकडे शिट्टीशिवाय एकच वस्तू असते, लोकांचा भरवसा. ती उद्यासाठी त्याच्याकडे नव्हती.

"नको साहेब," तो म्हणाला. "पोस्टवाल्याला द्या. आणि त्याला सांगा, कान झाक."

पोस्टवाला कोपऱ्यात चहा ओतत होता. त्याच्या हातातली कपबशी खाली पडता पडता राहिली. अध्यक्षांनी त्याचं नाव कागदावर हाताने लिहिलं आणि वाचलं, आणि रंगाचा डबा उघडला. राखीव त्या पोस्टवाल्याचे बूट न्यायला थांबला. आता तो राखीवही नव्हता, पण पॉलिश करणार कोण? पोस्टवाल्याचे बूट गुळगुळीत झाले होते. घरी बसून त्याने तळव्याला नवे स्टड लावले, आणि दोन्ही बुटांत हात घालून तीनदा तपासलं. बायको समोर बसून भाजी निवडत होती. ती एकदाही काही म्हणाली नाही, आणि तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल ते तिचं तीच जाणे.

फायनलच्या दिवशी दुपारी त्याने दुकान उघडं ठेवलं. घरी बसवत नव्हतं. समोरच्या केशकर्तनालयातल्या टीव्हीचा आवाज गल्लीभर येत होता. सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तर सिस्टर आली. पायाला पट्टी, हातात काठी. काही न विचारता लाकडी खोक्यावर बसली आणि दुखरा पाय त्याच्या फळीवर टाकला, चिमटे नि खिळे बाजूला सरकवून.

"घरी टीव्ही नाही का?" त्याने विचारलं.

"घरी एकटीने शिव्या देता येत नाहीत," ती म्हणाली.

दोघांनी सामना बघितला, म्हणजे समोरच्या दुकानात जेवढा दिसत होता तेवढा. पोस्टवाला सुरुवातीला गडबडला, प्रेक्षक ओरडले तशी एकदा शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि मग खाली घेतली. दोघंही एकदम म्हणाले, "शाब्बास." मग एक ऑफसाइड त्याने दिला, त्यावरून यांची जुंपली. ती म्हणाली होता, हा म्हणाला नव्हता. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "तुम्ही दोघं भांडताय, माझ्या गिऱ्हाइकाचा कान जाईल."

अर्धा वेळ झाला तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझं नाव येईल की नाही कोणास ठाऊक."

"येईल."

"आलं तरी बूट मी दुसरीकडून घेणार आहे."

"घे," तो म्हणाला. "फक्त घेताना दोन्ही बुटांत हात घालून बघ. बाहेरून सगळे सारखेच दिसतात."

समोर दुसरा अर्धा सुरू झाला. तिने पाय जरा वर घेतला आणि फळीवरचं मऊ चामडं ओढून टाचेखाली ठेवलं, आणि त्याने तिला ते ठेवू दिलं.